नाटक शिकायचं आहे. पदवी हातात येईपर्यंत काय करू?

प्रश्न असा आहे : बी.कॉम.चं दुसरं वर्ष, गाव तालुक्याचं, जवळपास नाट्यवर्ग नाही. कॉलेजच्या एकांकिकांत दोन लहान भूमिका झाल्या आहेत. पदवीनंतर नाट्यशास्त्राला प्रवेश घ्यायचा आहे. तोवर दीड वर्ष घरी राहून काय शिकता येईल, आणि या अभ्यासक्रमांत शिकवतात तरी काय?

दीड वर्ष पुष्कळ झालं. फक्त कामाचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो. नवा मुलगा आरशासमोर उभा राहून रडायचा सराव करतो, आणि त्याच मुलाला दहा ओळी मोठ्यानं, शेवटचा शब्द न गिळता वाचता येत नाहीत. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीर, वाणी, वेशभूषा-रंगभूषा आणि मनाच्या अवस्थेतून उमटणारे अश्रू, कंप, रोमांच यांसारखे भाव. सगळे धावतात ते चौथ्याकडे. पहिल्या दोहोंचा रोज रियाज करता येतो, तिसरा बॅकस्टेजला राबून कळतो. चौथ्याची मात्र थेट तालीम होत नाही. संहिता नीट वाचली असेल आणि समोरच्या नटाचं खरंच ऐकलं जात असेल, तर तो येतो. ओढून आणला की पहिल्या रांगेलाही खोटा वाटतो.

म्हणून सुरुवात वाचनापासून करा. नाटक कथेसारखं डोळ्यांनी वाचू नका. पहिल्यांदा एका बैठकीत, मोठ्यानं, कुठलाही सूर न लावता सगळी पात्रं स्वतःच वाचा. दुसऱ्या वाचनात वही घ्या आणि फक्त संहितेत असलेली माहिती लिहा : जागा कोणती, वेळ काय, कोण कुणाचं काय लागतं, प्रवेश सुरू होण्याआधी काय घडून गेलंय. आपले अंदाज वेगळ्या पानावर. या दोन पानांची सरमिसळ झाली की भूमिका संहितेतून येत नाही, नटाच्या आवडीतून येते. संहितेतल्या या माहितीला रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की (1863–1938) ‘दिलेली परिस्थिती’ म्हणायचा. त्याच्या नावावर आज उपाशी राहण्यापासून आठवडाभर न झोपण्यापर्यंत काहीही खपवलं जातं. ज्याला ‘मेथड’ म्हणतात ती त्याच्या कामातून अमेरिकेत फुटलेली शाखा आहे. तो स्वतः उत्तरायुष्यात भावना उकरण्यापेक्षा पात्र करतं काय, या शारीरिक कृतीच्या बाजूला वळला होता.

हे कसं करायचं ते एका छोट्या प्रसंगावर दाखवतो. खानावळ. दुपारचे साडेअकरा, अजून कुणी आलेलं नाही. विनयचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत.

मावशी : आज लवकर आलास.
विनय : लेक्चर झालं नाही.
मावशी : ताट मांडू?
विनय : नको. डबाच न्यायचा होता.
मावशी : डबा कुठंय?
विनय : रूमवर राहिला.
मावशी : बस मग. मांडते.

सात वाक्यं आहेत आणि पैशांचा उल्लेख एकदाही नाही. नवखा नट विनय करताना पहिल्या वाक्यापासून मान खाली घालतो, आवाज बारीक करतो, शर्टाचं टोक चिवडतो. ‘ओशाळलेला’ अशी चिठ्ठी त्यानं स्वतःच्या कपाळावर डकवलेली असते. मग चौथ्या वाक्याला करायला काही उरत नाही, कारण सगळं आधीच दाखवून झालंय. विनयला काय वाटतं हे बाजूला ठेवा. त्याला काय हवंय ते विचारा. त्याला इतर पोरं यायच्या आत जेवण घेऊन सटकायचंय, तेही उधारीचा विषय न निघता. मग प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीनं एक क्रियापद लिहा. ‘लेक्चर झालं नाही’ : झटकतो. ‘नको. डबाच न्यायचा होता’ : पळवाट काढतो. ‘रूमवर राहिला’ : सावरायला जातो आणि अडकतो. ओशाळणं तो लपवतोय, आणि लपवताना प्रेक्षकाला ते दिसतं. प्रवेशाचं वळणही इथंच आहे. डबा न्यायला आलेल्या मुलाच्या हातात डबा नाही, हे मावशीच्या लक्षात येतं तो क्षण. त्याआधी प्रवेशाचा एक घटक, म्हणजे एकाच हेतूवर चालणारा तुकडा, त्यानंतर दुसरा.

आता मावशी. उधारी तिच्या डोक्यात आहे की नाही, हे संहिता सांगत नाही. ते ठरवावं लागतं. ती मुद्दाम चाचपत असेल तर ‘डबा कुठंय?’ हा सापळा होतो आणि ‘बस मग. मांडते’ ही माफी. तिच्या मनात काहीच नसेल तर तोच प्रश्न साधा राहतो, आणि विनय आपल्याच थापेत फसतो, तिथं हशासुद्धा येऊ शकतो. दोन्ही चालतील. दोन्हींच्या मधलं धूसर काहीतरी चालणार नाही. ‘ताट मांडू?’ म्हणताना ताट आधीच तिच्या हातात आहे की अजून फळीवर, हेही या निर्णयावरच ठरतं. असा सात-आठ वाक्यांचा एक प्रवेश आठवड्याला सोडवा. प्रवेश परीक्षेतल्या मुलाखतीत परीक्षक खोदून विचारतात ते नेमकं हेच.

वाचायला नाटकं वेगवेगळ्या काळांतली घ्या, म्हणजे भाषेची निरनिराळी वजनं तोंडात बसतात. देवलांचं ‘संगीत शारदा’ (1899) घ्या, संवादातून पदाकडे कसं सरकतात ते कळेल. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या, खेळ खेळता खेळता माणसं एका बाईला घेरतात कशी ते पाहा. आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेला माणूसच कीर्तन करतो. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त वऱ्हाडी आणि प्रमाण बोली एकाच घरात नांदतात, कोण कुणाशी कसं बोलतं, यातच नाती उलगडतात.

आवाजावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण तो एकट्यानं आणि फुकट घडवता येतो, आणि प्रवेश चाचणीच्या पहिल्या मिनिटात तोच उघडा पडतो. रोज 25 मिनिटं पुरेत. पाठीवर झोपा, पोटावर जाडसर पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर यायला हवं, खांदे नाही. चार अंक मोजत श्वास घ्या आणि ‘स्’ असा आवाज करत एकसारखा सोडा. सुरुवातीला 12 ते 15 सेकंद टिकेल. महिना-दीड महिन्यात 30 च्या आसपास जायला हरकत नाही. आकड्याच्या मागे लागून शेवटचा श्वास पिळून काढू नका. तसं केलं की गळा आवळला जातो आणि तीच सवय संवादात येते. मग उठून बसा, ओठ मिटून ‘म्’वर पाच मिनिटं गुणगुणा, नाकाभोवती आणि ओठांवर थरथर जाणवली पाहिजे. त्यानंतर वाचन. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ वेगात म्हणण्यापेक्षा सावकाश, प्रत्येक जोडाक्षर पूर्ण करत म्हणा. वेग आपोआप येतो, स्पष्टता येत नाही.

मराठीची एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, नकार तर त्याच्याही शेवटी. आणि नटाचा श्वास संपतो तोही तिथंच. ‘तुझ्यासाठी म्हणून मी आजवर कुणापुढे हात पसरला नाही’ या वाक्यातला ‘नाही’ पडला की बाराव्या रांगेतल्या माणसाला बरोबर उलटा अर्थ ऐकू जातो. उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून 25-30 फुटांवर ठेवा, न ओरडता एक उतारा वाचा, मग प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो का तेवढंच तपासा. येत नसेल तर आवाज चढवू नका. श्वास कुठं घ्यायचा ती जागा बदला. लांब वाक्यात कर्त्यानंतर किंवा ‘म्हणून’, ‘पण’ यांच्या आधी चोरटा श्वास घेता येतो.

उच्चारांत च आणि ज यांच्याकडे लक्ष द्या. ‘चंद्र’मधला च तालव्य, ‘चाक’मधला दंत्य. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, लिहायला सारखे, बोलायला वेगळे. आणि स्वतःची बोली पुसून टाकायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या बोलीत ‘पानी’ म्हणत असतील तर तिथं ते बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की ते पात्राचं म्हणून निवडून आलंय की सवयीनं निसटलंय. प्रमाण मराठी आणखी एक बोली म्हणून शिका. सदाशिव पेठेतल्या उच्चारांची नक्कल करणारा मुलगा प्रवेश चाचणीत ताबडतोब ओळखू येतो, आणि आपल्या मालवणी किंवा वऱ्हाडीत मोकळेपणानं बोलणारा लक्षात राहतो. घसा सारखा खाकरण्याची सवय सोडा, पाण्याचे घोट घेत राहा. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. काढे पीत तालमी रेटू नका.

शरीराचं थोडक्यात. आधी नुसतं उभं राहायला शिका : दोन्ही पायांवर सारखं वजन, गुडघे ताठ नाहीत, हात लोंबते. तीन मिनिटं असं उभं राहिलात की कळेल आपण किती डुलतो. पंधरा फूट चालून जमिनीवरच्या खडूच्या रेषेवर, खाली न बघता थांबण्याचा सराव करा. रंगमंचावरचा उजवा-डावा प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचा, हे अंगवळणी पाडा. दोघं एका रेषेत आले की मागचा झाकला जातो. अर्धं पाऊल त्यानंच सरकायचं, आणि ते सरकणं सरकण्यासारखं दिसता कामा नये. सूर्यनमस्कार, योगासनं, लेझीम, कुठलंही एक लोकनृत्य, काहीही चालेल, रोज हवं.

पाठांतराबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर ती सुधारत नाही. वाक्य सुरासकट पाठ करू नका. घरी बसून ‘छान’ म्हटलेलं वाक्य तालमीत त्याच चालीवर येतं, मग समोरचा काहीही बोलो. सपाट आवाजात पाठ करा आणि आपल्या वाक्यासोबत समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्दही पाठ करा, कारण तुमचा क्यू, म्हणजे बोलायला लागायची खूण, तोच आहे. हातानं लिहून काढल्यास लवकर बसतं.

कॉलेजची एकांकिका पुन्हा मिळाली तर तालमीचं वेळापत्रक बघायला शिका. 45 मिनिटांच्या एकांकिकेला रोज तीन तास धरून महिनाभर लागतो. पहिले पाच दिवस बैठं वाचन. पुढचे आठ-दहा दिवस संहिता हातात ठेवून हालचाली बसवणं. पंधराव्या दिवशी संहिता खाली ठेवलीच पाहिजे. हातातला कागद हात आणि नजर दोन्ही अडवतो. बाविसाव्या दिवसापासून सलग तालमी, शेवटचे दोन-तीन दिवस प्रकाश आणि संगीतासह, आणि शेवटी पूर्ण वेशात रंगीत तालीम. हौशी संस्थांत नेमकं काय बिघडतं? तालीम रोज पहिल्या पानापासून सुरू होते, त्यात कुणीतरी उशिरा येतं म्हणून पहिलं पान पुन्हा घेतात, आणि रात्री साडेदहाला कुणाचीतरी शेवटची बस असते. परिणामी पहिला प्रवेश साठ वेळा होतो, शेवटचा दहा वेळा. प्रयोगात नाटक जिथं चढायला हवं तिथंच ढिलं पडतं आणि खापर फुटतं लेखकावर. एक दिवसाआड शेवटाकडून तालीम सुरू केली तरी हे सुटतं.

वस्तू पहिल्या आठवड्यापासून खऱ्या वजनाच्या वापरा. रिकामा कप उचलणाऱ्याचं मनगट हलकं पडतं आणि चहा नाही हे मागच्या रांगेलाही दिसतं. प्रयोगात ज्या चपला घालणार त्याच तालमीत.

भूमिका मिळाली नाही तर बॅकस्टेज घ्या. एखादं वर्ष तरी घ्याच. प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, यादी प्रवेशवार लिहिणं, कोणती वस्तू कोणत्या विंगेत (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला) आणि कुणाच्या हातात, ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सगळे दिवे घालवल्यावर, दहा सेकंदांत खुर्ची बदलणं. हे केलेला नट तिसऱ्या घंटेनंतर विंगेत गप्पा मारत नाही. प्रकाशाचंही तसंच. समोरून साधारण 45 अंशांतून येणारा प्रकाश चेहऱ्यावर नीट बसतो. दिव्याच्या अगदी खाली सरकलात की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि भाव दिसत नाहीत. प्रकाशयोजनेवाल्याशी वाद घालण्याआधी आपण ठरलेल्या जागेवर उभे आहोत का ते पाहावं.

नाटकं पाहण्याची सोय तालुक्याच्या गावाला नसते, हे अर्धंच खरं. महाराष्ट्र राज्य हौशी नाट्य स्पर्धा कित्येक दशकं चालू आहे आणि तिची केंद्रं अनेक जिल्ह्यांत असतात, तिकीट नाममात्र. चांगलं-वाईट सगळं बघा, वाईट जास्त शिकवतं. शक्य असेल तर एकच नाटक दोनदा पाहा, एकदा पुढून आणि एकदा शेवटच्या रांगेतून. दुसऱ्या वेळी बोलणाऱ्याकडे बघू नका, गप्प असणाऱ्याकडे बघा. ऐकत असलेला नट आणि आपल्या वाक्याची वाट बघणारा नट यांतला फरक तिथं दिसतो.

आणि आसपास जे चालू आहे त्याला अभ्यास समजा. सिंधुदुर्ग-गोव्यातल्या दशावतारात कथानक ठरलेलं असतं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. उत्स्फूर्त अभिनयाचा याहून कडक वर्ग शहरात मिळत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे धानाची कापणी झाली की झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र चालतात. नारदीय कीर्तनात एकटा माणूस उत्तररंगात, म्हणजे आख्यानाच्या उत्तरार्धात, चार पात्रं करतो, तीही वेश न बदलता, नुसत्या मानेच्या वळणानं आणि आवाजाच्या पट्टीनं. एक आख्यान ऐकून हे लिहून काढा की पात्र बदलताना त्यानं नेमकं काय बदललं.

आता अभ्यासक्रम. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर बी.ए. आणि पदवीनंतर एम.ए. करता येतं. मुंबई विद्यापीठाच्या अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये पदव्युत्तर शिक्षण आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग जुना आणि नावाजलेला. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (स्थापना 1959) तीन वर्षांचं. तिथं पदवीबरोबर नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचे पुरावे लागतात आणि हिंदी-इंग्रजीची समज लागते. तेव्हा आतापासून प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, प्रमाणपत्र, फोटो सांभाळून ठेवा. अटी आणि वयोमर्यादा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, मित्राच्या तोंडून ऐकू नका.

तिथं शिकवतात काय? निम्म्याहून कमी वेळ अभिनय, हे ऐकून अनेकांचा चेहरा पडतो. नाट्यशास्त्र आणि संस्कृत नाटक, ग्रीकांपासून विसाव्या शतकातल्या जर्मन नाटककार ब्रेख्तपर्यंतची पाश्चात्त्य रंगभूमी, 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीता स्वयंवर’पासूनची मराठी रंगभूमी, नेपथ्याचा आराखडा प्रमाणात काढणं, प्रकाश, वेशभूषा, रंगभूषा, दिग्दर्शन, आणि सत्रागणिक प्रयोग. ज्याला फक्त कॅमेऱ्यासमोर उभं राहायचंय त्यानं इथं येऊन तीन वर्षं वैतागू नये.

प्रवेशाच्या चाचणीसाठी दोन उतारे तयार ठेवा, प्रत्येकी दोन ते तीन मिनिटांचे, एकमेकांपासून लांबचे : एक गंभीर असेल तर दुसऱ्यात खट्याळपणा किंवा कारस्थान असू दे. मोठ्या नटानं गाजवलेलं स्वगत टाळा; परीक्षकाच्या कानात मूळ आवाज असतोच, आणि तुमच्याही. वयाला शोभेल असं पात्र घ्या, एकविसाव्या वर्षी साठीचा बाप नको. उताऱ्यात समोर कुणीतरी ऐकणारा असावा, म्हणजे कुणावर तरी काहीतरी करता येतं. नुसता आक्रोश असलेला उतारा तिसाव्या सेकंदाला संपलेला असतो. सादर झाल्यावर ‘हेच आता हसू दाबत करा’ किंवा ‘हेच कानात सांगितल्यासारखं करा’ असं परीक्षक म्हणतील. इथं बहुतेकांची दांडी उडते, कारण त्यांनी सूर पाठ केलेला असतो. घरी प्रत्येक उतारा तीन वेगळ्या हेतूंनी करून ठेवा. एक कविता पाठ असू द्या, गाता येत असेल तर एक पद किंवा लोकगीत.

गावात स्वतःच प्रयोग उभा करायचा ठरवलात तर लेखकाची लेखी परवानगी आणि ठरेल ते मानधन आधी द्या. जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं, म्हणजे संहिता वेळेत पाठवायला हवी. ‘तीन महिन्यांत अभिनय आणि मालिकेत हमखास काम’ अशी जाहिरात करून आधी पोर्टफोलिओचे पैसे मागणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. कामाची हमी कुठलाही शिक्षक देत नाही. व्यावसायिक नाटकात पैसे प्रयोगागणिक मिळतात, त्याला ‘नाईट’ म्हणतात, आणि नवोदिताच्या नाईटवर पुण्या-मुंबईत खोलीचं भाडं निघेलच असं नाही. पहिल्या दोन वर्षांचा खर्च कुठून येणार, हे बी.कॉम. पूर्ण करतानाच कागदावर मांडून ठेवा. हिशेब तुम्हाला येतोच.